गाउट नव्याने झालेल्यांसाठी: ताट, पाणी, गोळी आणि सहाचा आकडा

“युरिक ॲसिड वाढलंय” एवढं कळलं की मराठी घरात पहिली गदा येते ती वरणावर. मग टोमॅटो जातो, पालक जातो, फ्लॉवर, वांगं, मटार, मशरूम असं करत भाजीची पिशवी निम्मी होते. शनिवारची बिअर, दुपारचं कोल्ड्रिंक आणि दिवसभराच्या चहातली साखर मात्र आपापल्या जागी सुखरूप राहते. महिना-दोन महिने बिनवरणाचा भात गिळून माणूस वैतागतो, पायाचा अंगठा पुन्हा सुजतो आणि “पथ्य करूनही काही फरक नाही” असं म्हणत सगळंच सोडून देतो.

मी गाउटचं, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणाऱ्या सांधेदुखीचं, जुनं गिऱ्हाईक, त्यात मासेखाऊ घरातला. डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांबद्दल पुढे जे लिहिलंय ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून; कुठली गोळी, किती, हे तुमची किडनी आणि इतर आजार पाहून त्यांनीच ठरवायचं. ताटाबद्दल मात्र जरा हक्काने लिहितो.

१. हे गाउटच आहे का, ते आधी पक्कं करा

गाउटच्या अटॅकची एक ठरावीक चाल असते. रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे ठणक्याने उठतो. बहुतेकदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, कधी घोटा, पाऊल, गुडघा किंवा मनगट. सांधा लाल होतो, गरम लागतो आणि अंगावरची चादर टेकली तरी जीव जातो. बारा ते चोवीस तासांत दुखणं टोकाला पोचतं आणि आठ-पंधरा दिवसांत, औषध न घेताही, ओसरतं. हे आपोआप ओसरणंच फसवं. बरं झालं म्हणून माणूस विसरतो, आणि पुढचा अटॅक काही महिन्यांनी किंवा वर्षा-दोन वर्षांनी येतो.

पुरुषांमध्ये हे तिशी-चाळिशीपासून दिसतं. बायकांमध्ये बहुधा पाळी थांबल्यावर, कारण तोवर इस्ट्रोजेन युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करत असतं. पंचविशीतल्या मुलीचे सांधे दुखत असतील तर गाउटआधी दुसऱ्या कारणांचा शोध घ्यायला हवा.

आता गाउट काय नाही ते. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते, चार पावलं चाललं की मोकळी होते, हे बहुधा तळव्याच्या पडद्याचं दुखणं असतं. दोन्ही गुडघे वर्षानुवर्षं कुरकुरतात, ती बहुधा झीज. आणि काहीच दुखत नाही, पण ‘फुल बॉडी चेकअप’च्या कागदावर युरिक ॲसिड ७.४ आलंय आणि आकडा ठळक अक्षरांत छापलाय, तर तोही गाउट नव्हे. युरिक ॲसिड वाढलेल्या बऱ्याच लोकांना जन्मभर एकही अटॅक येत नाही. अशांना साधारणपणे गोळी सुरू करत नाहीत. वजन, रक्तदाब, साखर आणि किडनी यांच्याकडे लक्ष देतात. नुसत्या लॅबच्या कागदावरून मेडिकलमधून गोळ्या आणणाऱ्यांची संख्या बघता हे जरा मोठ्याने सांगायला हवं.

पक्कं निदान म्हणजे सुजलेल्या सांध्यातलं पाणी सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली युरेटचे सुईसारखे स्फटिक दिसणं. प्रत्यक्षात बहुतेकांचं निदान लक्षणं, रक्ततपासणी आणि गरज पडली तर सांध्याची सोनोग्राफी यावरच होतं. इथे एक मेख आहे. ऐन अटॅकमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. त्यामुळे “रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे गाउट नाही” असं ठरवून मोकळं होऊ नका. अटॅक पूर्ण शमल्यावर दोन ते चार आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करा. सोबत क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते सांगणारी रक्ततपासणी), लघवी, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब हेही बघून घ्या. गाउट सहसा एकटा येत नाही.

आणि एक गोष्ट अजिबात अंगावर काढायची नाही. सांधा सुजलाय आणि जोडीला ताप-हुडहुडी आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांध्यात पू झाला तरी तो असाच लाल आणि गरम दिसतो, आणि त्यात काही दिवसांच्या उशिराने सांधा कायमचा खराब होऊ शकतो. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच सावध राहावं.

२. सहाचा आकडा

आपल्या पेशी जुन्या होतात, मोडतात, नव्या बनतात. त्या मोडतोडीतून आणि खाल्लेल्या अन्नातून प्युरिन नावाचे पदार्थ येतात आणि त्यांचा शेवट युरिक ॲसिडमध्ये होतो. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये ते पुढे फोडणारं युरिकेज नावाचं एन्झाइम असतं. माणसाने ते उत्क्रांतीत गमावलं. म्हणून आपल्याला ते मुख्यतः किडनीतून आणि थोडंफार आतड्यातून बाहेर टाकावं लागतं.

रक्तात युरिक ॲसिड प्रत्येक डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की विरघळून राहणं कठीण होतं. चहात साखर जास्त झाली की तळाशी बसते, तसं ते सांध्यात स्फटिक होऊन बसू लागतं. थंड जागी विरघळण्याची क्षमता आणखी कमी होते, आणि हृदयापासून लांब असलेला पायाचा अंगठा शरीराच्या इतर भागांपेक्षा थंडच असतो. अंगठ्याची निवड उगाच झालेली नाही.

म्हणून उपचाराचं लक्ष्य ६ च्या खाली. कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर पांढरट कडक गाठी आल्या असतील तर बरेच डॉक्टर ५ च्या खाली न्यायला सांगतात. आकडा ६ च्या खाली टिकून राहिला की जुने स्फटिकही हळूहळू विरघळत जातात. हे काम महिन्यांचं, कधी वर्षांचं असतं.

आता आहाराबद्दलची खरी गोष्ट, जी पथ्याच्या छापील कागदावर नसते. शरीरातल्या युरिक ॲसिडपैकी साधारण दोन तृतीयांश शरीर स्वतःच बनवतं. अन्नातून येतं ते उरलेलं एक तृतीयांश. नीट पथ्य पाळून आकडा साधारण एखाद्या अंकाने खाली येतो. तुमचा आकडा ७.२ असेल तर पथ्य आणि वजन यांच्या जोरावर सहाच्या जवळ जाता येईल. ९.५ असेल, तर वरणच काय, जेवणच सोडलंत तरी सहा दिसणार नाही. उलट उपाशी राहिल्याने तो वाढतो, ते पुढे येईलच. गाउट होण्यामागे मोठा वाटा किडनी युरिक ॲसिड किती बाहेर टाकते याचा आणि आनुवंशिकतेचा असतो. त्यामुळे “जिभेवर ताबा नाही म्हणून झालं” हे नातेवाइकांचं निदान मनावर घेऊ नका.

मग पथ्य कशासाठी? एक, अटॅक भडकवणाऱ्या गोष्टी टळतात. दोन, औषधाचा डोस कमी पुरू शकतो. तीन, गाउटबरोबर येणारे रक्तदाब, मधुमेह आणि पोटाचा घेर त्याच ताटाने ताब्यात राहतात. या तीन कारणांसाठी पथ्य करा, गोळी टाळायची म्हणून नको.

३. अटॅक आला की पहिले दोन दिवस

पाय उंच, उशीवर. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून काही वेळा. मालिश नाही, चोळणं नाही, “नस मोकळी करून देतो” म्हणणारे काका नाहीत. गरम पाण्याचा शेकही नको. सांधा आधीच पेटलेला आहे. चादर सहन होत नसेल तर पलंगाच्या पायथ्याशी स्टूल किंवा खोका ठेवून त्याच्यावर चादर टाका, पाय खाली मोकळा राहतो.

औषध जितक्या लवकर, तितकं कमी लागतं. डॉक्टर यात कॉल्चिसिन, सूज कमी करणारी वेदनाशामकं किंवा थोड्या दिवसांचं स्टेरॉइड, यांपैकी काहीतरी देतात. किडनी नाजूक असेल, अल्सर असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणून खाऊ नका. कॉल्चिसिन जास्त झालं की जुलाब लागतात, आणि तो थांबण्याचा इशारा असतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिकबरोबर ते घातक ठरू शकतं, म्हणून घशासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी ही गोळी चालू असल्याचं सांगा.

पावसाळ्यात सह्याद्रीत आणि कोकणात कुंपणावर लाल-पिवळी, ज्वाळांसारख्या पाकळ्यांची कळलावी फुलते, अग्निशिखा म्हणतात ती. तिच्यात कॉल्चिसिन असतं. औषध उद्योगासाठी तमिळनाडूत तिची शेतीही होते. पण म्हणून “झाडपाला आहे, नैसर्गिक आहे” असं समजून कंद उगाळू नका. तो कंद जीव घेतो.

गाउटसाठी कायमची गोळी आधीपासून चालू असेल तर अटॅकमध्ये ती बंद करायची नाही. नवी असेल तर आताच सुरू करायची की शमल्यावर, हे डॉक्टरांना विचारा. आणि कमी डोसचं ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर ते युरिक ॲसिड थोडं वाढवतं हे खरं, पण स्वतःहून थांबवू नका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर मात्र तिला पर्याय आहे का, हे नक्की विचारा. लोसार्टन हे रक्तदाबाचं औषध उलट युरिक ॲसिड थोडं कमी करतं.

४. ताट

काढायचं काय, ते आधी. यादी लांब नाही.

पहिलं, दारू. बिअर सगळ्यात वाईट, कारण दारूच्या जोडीला तिच्यात प्युरिनही असतं. “मग व्हिस्की चालते ना?” हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. दारू शरीरात लॅक्टिक ॲसिड वाढवते आणि किडनी युरिक ॲसिड धरून ठेवते. हे व्हिस्कीनेही होतं. वाइनही अटॅकच्या दृष्टीने निर्दोष नाही. आकडा सहाच्या खाली येऊन स्थिरावेपर्यंत, म्हणजे पहिलं वर्षभर तरी, पूर्ण बंद ठेवणं सगळ्यात सोपं. मोजून पिणं हे न पिण्यापेक्षा अवघड काम आहे.

दुसरं, गोड पेयं. हे लोकांच्या गावीच नसतं. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि यकृतात फ्रुक्टोज मोडताना थेट युरिक ॲसिड तयार होतं. तीनशे मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते. उसाचा रस, पॅकबंद ज्यूस, सरबतं, सगळं त्याच रांगेत. गूळ आणि मधसुद्धा. “गुळाचा चहा घेतो” याने युरिक ॲसिडला फसवता येत नाही. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर नकळत पोटात जाते. चहा बंद करायची गरज नाही, चमचे कमी करा. कॉफीला आडकाठी नाही. नियमित कॉफी पिणाऱ्यांत गाउट कमीच आढळतो. मात्र त्यासाठी नव्याने सवय लावून घ्यायची गरज नाही.

तिसरं, प्राण्यांचे आतले अवयव. कलेजी, गुर्दा, भेजा. शंभर ग्रॅम कोंबडीच्या कलेजीत ३०० मिलिग्रॅमच्या आसपास प्युरिन असतं. जपानमध्ये गाउटच्या रुग्णांना दिवसभरात ४०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात, त्यावरून एका प्लेटचा हिशेब करा.

चौथं, आणि हे लिहिताना हात जड होतो, छोटे मासे आणि सुकी मासळी. तारली, बांगडा, मांदेली, तिसऱ्या, शिनाणे, कोळंबी यांत प्युरिन भरपूर. सुकट, जवळा, सुके मासे यांतलं पाणी गेलेलं असतं, त्यामुळे वजनामागे प्युरिन आणखी दाटतं. पावसाळ्यात दर्यावर बंदी असते तेव्हा किनारपट्टीवरच्या घरांत ताजी मासळी नसते, सुकटीवर दिवस काढले जातात. त्या दिवसांत सुकट तोंडी लावण्यापुरती चिमूटभर घ्या, भाजीसारखी वाटीभर नको.

मोठे मासे, म्हणजे सुरमई, पापलेट, रावस, मध्यम गटातले. आठवड्यातून दोन वेळा, एक-दोन तुकडे, असं बसवता येतं. चिकन-मटणाचंही तेच: बंद नाही, पण रोज नाही आणि एका वेळी हाताच्या तळव्याएवढंच. शिजताना बरंचसं प्युरिन पाण्यात उतरतं, म्हणून तुकड्यांपेक्षा रश्शाचा घोट महागात पडतो. कोल्हापूरकरांनी मला माफ करावं, पण तांबडा-पांढरा वाट्यांवर वाट्या ओढणं आणि पाया सूप हे दोन्ही अटॅकला आमंत्रण आहेत. “पाय दुखतोय, पाया सूप पी” हा सल्ला गाउटवाल्याला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

आता वरण. वाटीभर वरणात कोरडी डाळ जेमतेम २५-३० ग्रॅम जाते. शिवाय डाळीतलं, पालकातलं, फ्लॉवरमधलं, मशरूममधलं प्युरिन मांसातल्या प्युरिनसारखं वागताना दिसत नाही. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांवर बारा वर्षं नजर ठेवून केलेला एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट जास्त आढळला. प्युरिन असलेल्या भाज्या खाणाऱ्यांत तो वाढलेला दिसला नाही. आणि दूधदुभतं घेणाऱ्यांत उलट कमी दिसला. तेव्हा आई किंवा बायको म्हणाली, “अहो, तुम्हाला डाळ बंद सांगितलीय ना?” तर हे समजावून सांगा. शाकाहारी माणसाची डाळ काढून घेतली की ताटात उरतो भात, पोळी आणि बटाटा. त्याने वजन आणि साखर वाढते, म्हणजे गाउटची सोयच होते. तूर, मूग, मसूर, चवळी, मटकीची उसळ, सगळं नेहमीच्या प्रमाणात चालू द्या. तुमच्या डॉक्टरांनी किडनीच्या आजारामुळे प्रथिनं मोजायला सांगितली असतील तर ती वेगळी गोष्ट.

टोमॅटोचं थोडं वेगळं आहे. त्यात प्युरिन नगण्य. पण न्यूझीलंडमधल्या बऱ्याच रुग्णांनी टोमॅटोने अटॅक येतो असं सांगितलं आणि तिथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये त्यावर अभ्यासही केला. तेवढ्यावरून सगळ्यांनी तो सोडायची गरज नाही. पण तुम्हाला दोन-तीनदा टोमॅटोच्या साराशी अटॅकचा मेळ दिसला, तर आमसूल आहेच.

काय वाढवायचं? ताक आणि कमी सायीचं दूध-दही. दुधातली प्रथिनं युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतात आणि दुधात प्युरिन जवळपास नसतंच. जेवणानंतर वाटीभर ताक ही सवय आपल्याकडे आहेच, फक्त रक्तदाब असेल तर मीठ बेताने. अंड्यातही प्युरिन जवळपास शून्य; मांसाहाराची तलफ अंडाकरीवर भागवता आली तर उत्तम. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, भात, पालेभाज्या, काकडी, गाजर, दुधी, पेरू, संत्री, आवळा, बिनधास्त. फळं चावून खा, रस काढून नको. आंब्याच्या दिवसांत फोडी खा. दोन वाट्या आमरस, त्यात वर साखर, हे टाळा.

इंटरनेटवर चेरीचा फार गवगवा आहे. काही अभ्यासांत चेरी खाल्लेल्यांना अटॅक कमी आल्याचं दिसलं, पण आपल्याकडे तिचा भाव बघता तेच पैसे तपासणीवर खर्च करावेत असं माझं मत. लिंबूपाणी छान, पण बिनसाखरेचं. बेकिंग सोडा पाण्यात घालून पिण्याचा उपाय रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णाने तर करूच नये.

एक दिवस कसा दिसेल? सकाळी कमी साखरेचा चहा, भाजी घातलेले पोहे किंवा नाचणीचं आंबील. दुपारी भाकरी किंवा पोळी, पालेभाजी, वरण-भात, काकडीची कोशिंबीर, ताक. संध्याकाळी पेरू किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे. रात्री मुगाची खिचडी-कढी, नाहीतर दोन अंड्यांची भुर्जी आणि भाकरी. हे कुठल्याही साध्या मराठी घरातलं जेवणच आहे. वेगळा स्वयंपाक लागत नाही आणि रांधणाऱ्या बाईवर नवं ओझंही पडत नाही.

५. पाणी, वजन, उपास आणि गटारी

दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी, उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात त्याहून जास्त. लघवी फिकट दिसायला हवी. युरिक ॲसिडचे मुतखडे होणाऱ्यांना तर हे दुप्पट महत्त्वाचं. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा सांगितली असेल तर ती पाळा. ट्रेकला किंवा लांबच्या एसटी प्रवासाला निघताना “वाटेत सोय नाही” म्हणून पाणी न पिणं, त्यात बूट घट्ट आणि अंगठ्याला ठेच, ही अटॅकची तयारच पाककृती.

वजन जास्त असेल तर उतरवा, पण आठवड्याला अर्ध्या किलोच्या गतीने. कीटो, सलग दोन-तीन दिवसांचे उपास, “महिन्यात दहा किलो” वगैरे प्रकारांत शरीरात कीटोन (चरबी जाळताना बनणारे पदार्थ) वाढतात आणि किडनी युरिक ॲसिड रोखून धरते. वजन उतरतं आणि अंगठा सुजतो.

हेच उपासालाही लागू आहे. निर्जळी उपास गाउटवाल्याने करू नये. एकादशी, चतुर्थी, नवरात्र करायची असेल तर पाणी, ताक, दूध, फळं चालू ठेवून करा. साबुदाण्याने युरिक ॲसिड वाढत नाही, पण त्यावर तीन वेळा साखरेचा चहा आणि वेफर्स असतील तर तो उपास फक्त नावाला.

मराठी वर्षात गाउटचा सगळ्यात धोक्याचा दिवस कुठला म्हणाल तर आषाढ अमावस्येच्या आसपासची गटारी. महिनाभर मिळणार नाही म्हणून एकाच बैठकीत मटण, कलेजी आणि बाटली. दुसऱ्या नंबरावर ३१ डिसेंबर, मग लग्नसराई. गंमत म्हणजे त्यानंतर येणारा श्रावण गाउटला मानवतो, जर उपासाच्या दिवशी पाणी नीट प्यायलात तर. मित्रांच्या टोळक्यात “गोळी चालू आहे, डॉक्टरांनी सक्त मना केलंय” एवढं एकच वाक्य पुरतं. प्युरिनवर व्याख्यान देऊ नका, कोणी ऐकत नाही.

गणपतीत एक-दोन मोदक खा. पंचवीस नको.

६. गोळीची वेळ कधी

वर्षातून दोन किंवा अधिक अटॅक, गाठी, क्ष-किरणात सांध्याची हानी, यांपैकी काहीही असेल तर युरिक ॲसिड कमी करणारी कायमची गोळी हवी. किडनी कमजोर असेल, मुतखडे होत असतील किंवा आकडा ९ च्या वर असेल तर पहिल्या अटॅकनंतरही डॉक्टर ती सुचवू शकतात. ॲलोप्युरिनॉल हे पहिल्या पसंतीचं औषध. ते स्वस्त आहे आणि अनेक दशकं वापरात आहे. ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चा नोबेल पुरस्कार मिळाला. फेबुक्सोस्टॅट हे दुसरं. हृदयविकार असेल तर ते घेण्याआधी डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा.

तीन गोष्टी आधीच माहीत असल्या की माणूस मध्येच सोडत नाही.

ॲलोप्युरिनॉल दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने सुरू करतात आणि आकडा बघत बघत वाढवतात. तेव्हा “डॉक्टर डोस वाढवत चाललेत, म्हणजे आजार बळावतोय” असं नाही. सहाच्या खाली जाईपर्यंत वाढवायचा, ही पद्धतच आहे.

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत अटॅक वाढू शकतात. जुने स्फटिक सैल होऊ लागल्याची ती खूण असते. म्हणून तीन ते सहा महिने जोडीला कमी डोसचं कॉल्चिसिन किंवा तत्सम संरक्षण देतात. बहुतेक लोक नेमकं इथेच “गोळीने उलट वाढलं” म्हणून औषध फेकतात.

अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले, ताप आला, तर ॲलोप्युरिनॉल लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ही ॲलर्जी क्वचितच होते, पण झाली तर गंभीर असते आणि बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसते.

आयुर्वेदात वातरक्त या नावाने या दुखण्याचं वर्णन आहे आणि अनेक जण वैद्यांकडे जातात. जरूर जा, पण शिकलेल्या, नोंदणीकृत वैद्याकडे, आणि दोन्हीकडची औषधं एकमेकांना सांगून. बिननावाच्या पुड्यांपासून लांब राहा. चोवीस तासांत सांधा मोकळा करणाऱ्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड किंवा पेनकिलर कुटून घातलेलं सापडतं; आराम खरा असतो, बिल किडनी भरते.

७. वही

साधी वही करा किंवा फोनमध्ये लिहा. अटॅकची तारीख, सांधा, आदल्या दोन दिवसांत काय खाल्लं-प्यायलं, पाणी, प्रवास, मार लागला का, नवं औषध कुठलं. सहा महिन्यांत तुमचा स्वतःचा नमुना दिसायला लागतो. कुणाला कोळंबी बाधते, कुणाला फक्त जागरण आणि कमी पाणी. त्याच वहीत दर वेळचं युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन. डोस बसेपर्यंत दर काही आठवड्यांनी, आकडा सहाच्या खाली स्थिरावला की साधारण सहा महिन्यांनी एकदा तपासणी पुरते.

फॅमिली डॉक्टरांकडे बहुतेकांचं काम भागतं. सहा महिने गोळी घेऊनही आकडा उतरत नसेल, गाठी वाढत असतील, एका वेळी अनेक सांधे धरत असतील किंवा किडनीमुळे औषधं चालत नसतील, तर संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्या आणि जाताना ती वही बरोबर न्या.